एकाच वास्तुकाराची दोन हॉटेलं

न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अगदी वरच्या मजल्यावर सहा वर्षांची एक मुलगी राहते. सोबतीला दाई, एक कुत्रा आणि एक कासव. लिफ्टनं खालीवर करावं, फोन उचलून खाणं मागवावं, बोलावणं नसलेल्या मेजवानीत शिरावं, असा तिचा दिवस. आई गोष्टीत कधी समोर येतच नाही. के थॉम्पसन यांनी लिहिलेलं आणि हिलरी नाइट यांच्या चित्रांनी सजलेलं ‘एलॉइझ’ १९५५ साली प्रसिद्ध झालं. थॉम्पसन स्वतः त्याच हॉटेलात राहत असत.

एलॉइझ काल्पनिक असली, तरी हॉटेलात वाढणारी मुलं खरी होती. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अनेक कुटुंबं हॉटेलात बिऱ्हाड करून राहत. नोकर शोधायला नकोत, चूल पेटवायला नको, धुणं हॉटेलच करणार. टाइम्स स्क्वेअरजवळच्या सुमारे २००० खोल्यांच्या टाफ्ट हॉटेलात स्टीफन लुइस यांचं बालपण गेलं. वडील तिथले व्यवस्थापक होते. त्या दिवसांवर लुइस यांनी ‘हॉटेल किड’ हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. महामंदीनं शहर होरपळत होतं, पण या घरचं जेवण हॉटेलच्या मुदपाकखान्यातून वर येत होतं.

प्लाझा १९०७ साली उघडलं. त्याचे वास्तुकार हेन्री हार्डनबर्ग. हेरल्ड स्क्वेअरजवळचं मार्टिनीक हॉटेलही त्यांनीच उभारलं. १९८०च्या दशकात याच मार्टिनीकमध्ये महापालिकेनं बेघर कुटुंबांना ठेवलं. स्वस्त भाड्याच्या खोल्या झपाट्यानं नाहीशा होत होत्या. निवारा द्यायचा, तर महापालिकेला हॉटेलं भाड्यानं घ्यावी लागत होती. एका खोलीपोटी हॉटेलमालकाला जे मिळे, ते साध्या घराच्या भाड्याच्या कितीतरी पट होतं. तेवढाच पैसा त्या कुटुंबाला घरभाडं म्हणून देण्याची मात्र सोय नव्हती.

जोनाथन कोझोल यांनी तिथल्या आयांशी आणि मुलांशी बोलून ‘रेचल अँड हर चिल्ड्रन’ (१९८८) लिहिलं. एका खोलीत सगळं कुटुंब, एका पलंगावर दोन-तीन मुलं. खोलीत स्वयंपाकाला मनाई, म्हणून आया चोरून विजेच्या शेगडीवर काहीतरी शिजवत आणि तपासणीच्या वेळी शेगडी लपवत. मुलांनी आईकडून शिकलेली ही पहिली लपवाछपवी, आणि तीही दोन घास अन्नासाठी. मला त्या पुस्तकातलं हे सर्वांत जास्त लागलं. प्लाझातल्या मुलीनं फोन उचलला की ताट येतं, इथं आईनं केलेलं जेवण हाच गुन्हा ठरतो.

हा फरक पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही. तेविसाव्या रस्त्यावरचं चेल्सी हॉटेल पाहिलं की हे पटतं. १८८४ मध्ये सहकारी निवास म्हणून पुरी झालेली ही इमारत १९०५ मध्ये हॉटेल झाली. पुढे तिथले कित्येक रहिवासी कफल्लक कलावंत होते. व्यवस्थापक स्टॅन्ली बार्ड अनेकांची थकबाकी सांभाळून घेत. अभिनेत्री गॅबी हॉफमन तिथेच लहानाची मोठी झाली. निकोलाया रिप्स हिनं विशीच्या आतच चेल्सीतल्या बालपणावर पुस्तक लिहिलं आणि ते २०१६ साली आलं. चेल्सीचे मजले चाळीच्या गॅलरीसारखे नांदते होते, शेजारी मुलांना नावानं ओळखत. २०११ मध्ये हॉटेल विकलं गेलं, नूतनीकरण २०२२ पर्यंत रेंगाळलं. तरीही धूळ आणि ठोकाठोक सोसत काही जुने रहिवासी टिकून राहिले, कारण भाडेनियंत्रणाचा कायदा त्यांच्या बाजूनं होता.

हॉटेलची खोली घर होते ती तिथे राहण्याच्या हक्कानं. उद्या इथंच असू, ही खात्री मिळाली की मूल एका खोलीतही मुळं धरतं. ती नसली, तर नामवंत वास्तुकाराचं छतही उपयोगाचं नाही.

मुंबईतल्या संक्रमण शिबिरांकडेही याच नजरेनं पाहायला हवं. मोडकळीस आलेल्या चाळींतून ‘तात्पुरती’ हलवलेली कित्येक कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहिली, मुलं तिथेच जन्मली आणि कर्ती झाली. पुनर्विकासाची मुदत वाढवणाऱ्यांनी प्रत्येक वाढीव वर्ष कुणाच्या तरी बालपणातून वजा होतं, हे ध्यानात घ्यावं. रहिवाशांनीही घराचा ताबा कधी मिळणार, ती तारीख लेखी मागावी आणि मिळेपर्यंत मागत राहावी.