शीड वारा येण्याआधी उतरवायचं

जळगाव-धुळ्याहून समुद्र लांब. तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण रावेर-यावलच्या केळीवाल्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: झाडांना टेकू वादळ सुटल्यावर देता येत नाही. शिडाच्या होडीवर महिनोन्महिने राहणाऱ्यांचंही तेच.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून हवा बिघडायच्या आधीच शीड लहान करतात. मुख्य शीड पूर्ण उतरवत नाहीत. वरचा दोर सैल सोडून ते थोडं खाली घेतात, सुटलेला भाग खालच्या आडव्या दांड्याला बांधतात आणि दोर पुन्हा ताणतात. याला रीफ घेणं म्हणतात. वारा कमी असताना हे काही मिनिटांचं काम; होडी एका कुशीवर झुकून लाटा अंगावर घेत असताना बोटं चेंगरण्याची हमी.

अंदाज उपग्रहावरून मिळतो, तरी वायुभारमापकाकडे लक्ष ठेवायचंच. तीन तासांत पारा तीन-चार हेक्टोपास्कलने उतरला, तर तयारीला लागायचं. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र साधारण डाव्या हाताला असतं, दक्षिणेत उजव्या. एवढ्यावरूनही कुठल्या दिशेला सरकायचं ते ठरवता येतं.

सगळ्यात मोठा निर्णय मात्र बंदर सोडण्याआधीच झालेला असतो: निघायचं कधी? भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' ही शिडाची होडी घेऊन 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाल्या आणि जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून पुढे गेल्या. जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. हिवाळ्यात त्या समुद्रात जायचं धाडस कमी जण करतात.

आता दुरुस्ती. मोडतोड बहुतेक वेळा हळूहळू होते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा कित्येक धाग्यांच्या असतात आणि आधी एखादाच धागा तुटतो, तोही टोकाला, जिथे तार कडीत बसते. डोळ्यांना तो दिसत नाही. कापसाचा बोळा तारेवरून हळूच फिरवायचा. तुटलेलं टोक असलं की कापूस अडकतो. कापूस पिकवणाऱ्या भागाला हा उपयोग नवा वाटेल. दोर घासतात तिथे जुनी नळी चढवायची, फाटलेलं शीड जाड सुईने शिवायचं आणि खारं पाणी लागलेली विजेची जोडणी लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करायची. ही सगळी तपासणी आठवेल तेव्हा नव्हे, ठरलेल्या फेरीने करायची.

सुकाणूचं यंत्र बिघडलं तर मात्र प्रश्न कठीण. 'तारिणी'चं सुकाणू परतीच्या वाटेवर बिघडलं आणि तिला ठरलेल्या मुक्कामांबाहेर मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं. माझ्या मते बंदर गाठण्याचा तो निर्णय अगदी योग्य होता. 21 मे 2018 रोजी होडी गोव्यात परतली.

बंदरात थांबायची मुभाच नसेल तर? गोल्डन ग्लोब शर्यतीत नाविकाने एकट्याने, कुठेही न थांबता, जुन्या पद्धतीने जग फिरायचं असतं. 2018च्या शर्यतीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले, आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसरे आले. त्या वेळी 16 जण निघाले होते. एकदाही बंदरात न थांबता तिघेच पोहोचले.