रात्री दीड वाजता

गेल्या सत्रात एका रात्री दीड वाजता मी दचकून जागा झालो. स्वप्न वगैरे काही पडले नव्हते. ऑब्स्टॅकल कोर्स पुरा करून आल्यासारखी छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता, बोटांना मुंग्या आल्या होत्या. आता आपले काही खरे नाही, असे वाटले. पंधरा-वीस मिनिटांत सगळे ओसरले आणि सकाळी पीटीला मी नेहमीसारखा धावलो.

कोणाला सांगितले नाही. पुढे एनडीएच्या मेडिकलमध्ये हे आडवे आले तर, ही एकच भीती. रविवारी फोनवर आईलाही "बरा आहे" एवढेच. तिसऱ्या वेळी माझ्या बडीने पाहिले आणि सकाळी मला जवळजवळ ओढतच एम.आय. रूममध्ये नेले.

डॉक्टरसाहेबांनी ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवले. दमा, रक्तक्षय, थायरॉईड किंवा हृदयाच्या ठोक्यांतला दोष यांतही असे होते, म्हणून ते आधी पाहावे लागते. सगळे ठीक निघाले. मग त्यांनी सांगितले की हा पॅनिक अटॅक. तो झोपेतही येतो, बहुधा हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरताना. मेंदूतली धोक्याची घंटा उगाचच वाजते, अॅड्रेनलिन सुटते आणि हृदय धावू लागते.

मला नवल वाटले ते श्वासाचे. हवा कमी पडते असे वाटून आपण भराभर श्वास ओढतो. खरे तर ऑक्सिजन पुरेसा असतो. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यानेच गरगरते, मुंग्या येतात आणि श्वास आणखी अपुरा वाटतो. म्हणजे मीच आगीत तेल ओतत होतो! उठून बसायचे, नाकाने हळू श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. फायरिंगच्या वेळी उस्ताद श्वासावर ताबा ठेवायला सांगतात, तसेच काहीसे. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा सिनेमातला उपाय मात्र करायचा नाही. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर तो अंगाशी येतो.

धावताना छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा श्वासात शिटीसारखा आवाज आला, तर मात्र त्याच क्षणी सांगायचे.

रविवारी आईला सगळे सांगितले. "इतके दिवस गप्प कसा रे बसलास?" एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर एकदाच तसे झाले. मी बडीला हलवले. तो उठून बसला, माझ्याबरोबर श्वास मोजू लागला आणि मोजता मोजता माझ्याआधी तोच झोपला.