बळवंत नावाचं बिऱ्हाड

गाणाऱ्या मंडळ्या : लेखांक ४

मागच्या लेखांकात आयर्लंडमधल्या 'द क्रॅनबेरीज'ची गोष्ट आपण शेवटापर्यंत आणली. नोएल आणि माइक होगन हे भाऊ आणि ड्रमवादक फर्गल लॉलर यांनी १९८९ साली लिमरिकमध्ये बँड काढला, पहिला गायक लवकरच सोडून गेला आणि १९९० मध्ये डोलोरेस ओ'रिओर्डन आली. पुढची सगळी उंची बँडने तिच्या गळ्यावर गाठली. १९९३ साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनमध्ये बॉम्बस्फोटात दोन मुलं गेली, त्यावर तिने लिहिलेलं 'झॉम्बी' जगभर वाजलं. २००३ मध्ये चौघं आपापल्या वाटेने गेली, २००९ मध्ये पुन्हा जमली आणि १५ जानेवारी २०१८ ला लंडनमध्ये डोलोरेस गेली. मागे उरलेल्या तिघांनी तिच्या आधीच मुद्रित झालेल्या आवाजावर शेवटचा अल्बम पुरा केला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि बँड बंद केला.

एका गळ्याभोवती जमलेली, भरभराटलेली आणि पांगलेली अशी मंडळी आपल्याकडेही होती, आणि तीही क्रॅनबेरीजच्या सत्तर वर्षं आधी. तिचं नाव बळवंत संगीत मंडळी. तिच्या अखेरच्या काळातलं एक महत्त्वाचं नाटक आपल्या रत्नागिरीत लिहिलं गेलं, म्हणून या लेखमालेत तिला मी थोडी जास्त जागा देणार आहे.

बळवंतचा जन्म फुटीतूनच झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तेव्हापासून किर्लोस्कर नाटक मंडळी हे संगीत रंगभूमीचं मूळ घर. १९१३ मध्ये त्या घरातून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. मुख्य गायक नटच गेल्यावर किर्लोस्करांना नवा गळा शोधावा लागला. तो गोव्यातल्या मंगेशीच्या एका कोवळ्या मुलाचा निघाला, दीनानाथ मंगेशकरांचा. पण पाच वर्षांत इतिहास पुन्हा तसाच घडला. १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे किर्लोस्करांतून निघाले आणि त्यांनी बळवंत काढली. दीनानाथ १९०० सालच्या डिसेंबरातले, म्हणजे मंडळीचा मालक झाला तेव्हा हा मुलगा धड अठराही वर्षांचा नव्हता.

नाटक मंडळ्या फुटल्याच्या कहाण्या आपण मानापमान, हेवेदावे, पैशांच्या कुरबुरी अशा सुरात ऐकत आलो आहोत. त्या सगळ्या होत्याच. पण नीट पाहिलं तर संगीत रंगभूमी वाढली ती या फुटींमुळे. जुन्या मंडळीत नव्या गायकाला थोरांच्या भूमिका मिळायला वर्षं जात, चाली ठरलेल्या असत आणि प्रेक्षकही त्याच चाली मागत. बाहेर पडणाऱ्याला स्वतःचं नाटक, स्वतःच्या चाली आणि स्वतःची गायकी उभी करावीच लागे. बालगंधर्व किर्लोस्करांतच राहिले असते तर गंधर्व गायकी आज जशी आहे तशी झाली असती असं मला वाटत नाही. दीनानाथांचं तर नक्कीच नाही.

दीनानाथांचं गाणं कसं होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, पण त्यांच्या तबकड्या आहेत आणि त्या आजही ऐकायला मिळतात. गंधर्वांचा स्वर मनधरणी करतो, दीनानाथांचा स्वर झेप घेतो. तार सप्तकात अचानक उडी, वेगवान आणि वाकडी तान, पंजाबी अंगाच्या हरकती आणि एवढं करून शब्द सुटत नाहीत. 'मानापमान' हे खाडिलकरांचं १९११ सालचं नाटक, चाली टेंब्यांच्या, आणि ते लोकांच्या ओठांवर बसलेलं. बळवंतने ते करायला घेतलं तेव्हा दीनानाथांनी नायक धैर्यधराची पदं आपल्या ढंगाने गायली, काहींना चालीही वेगळ्या दिल्या. लोकांच्या कानात घट्ट बसलेल्या चालीला हात लावणं किती धाडसाचं होतं, हे संगीत नाटकाचा प्रेक्षक पाहिलेल्यांना सांगायला नको.

मंडळीचं दुसरं बळ चिंतामणराव. ते गाणारे नट नव्हेत, गद्य नट. राम गणेश गडकऱ्यांनी 'भावबंधन' मृत्यूच्या अगदी तोंडावर लिहून संपवलं. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला ते गेले. हे नाटक बळवंतच्या वाट्याला आलं आणि त्यातला घनश्याम चिंतामणरावांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. त्यातली लतिका झाले होते दीनानाथ. १९२९ साली इंदूरला जन्मलेल्या त्यांच्या थोरल्या मुलीला आपण ज्या नावाने ओळखतो, ते या लतिकेवरूनच आलं असं सांगतात.

मला या जोडीत बळवंतच्या यशाचं रहस्य दिसतं. एकाकडे गळा, दुसऱ्याकडे नाटकाची जाण, वाचन, नाटककारांशी ऊठबस. गडकरी, वीर वामनराव जोशी, सावरकर, विश्राम बेडेकर अशा लेखकांची नाटकं एका मंडळीने करावीत, ही निवड नुसत्या गायकाची नसते. वामनरावांच्या 'रणदुंदुभी'त आणि पुढे सावरकरांच्या नाटकात दीनानाथांच्या आवाजाला स्वातंत्र्याचा विषय मिळाला. हा आवाज त्या विषयासाठीच घडला होता, असं त्या तबकड्या ऐकताना वाटत राहतं. दोन्ही नाटकांच्या चाली गवई वझेबुवांच्या.

सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायला बंदी, राजकारणाला बंदी. नाटक लिहायला मात्र बंदी नव्हती. 'उःशाप', 'संन्यस्त खड्ग' आणि 'उत्तरक्रिया' ही त्यांची तिन्ही नाटकं या काळातली. 'संन्यस्त खड्ग'मध्ये बुद्धाच्या काळातला शाक्यांचा सेनापती शस्त्र खाली ठेवतो, आणि राष्ट्रावर चाल होऊन आल्यावर संन्यासी असूनही पुन्हा हाती घेतो. राजकारणावर बोलायला मनाई असलेल्या माणसाने केवढं राजकारण अडीच हजार वर्षं मागे नेऊन मांडलं, पाहा. हे नाटक बळवंतने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणलं.

१९३१ हे साल रत्नागिरीकर विसरणार नाहीत. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वांसाठी उघडलं. आणि पुढच्याच महिन्यात, १४ मार्चला, मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट. बळवंतच्या गोष्टीला इथून उतार लागतो.

तो का लागला हे समजायला नाटक मंडळी चालायची कशी ते आधी पाहावं लागेल. मंडळी म्हणजे एक फिरतं कुटुंब. नट, साथीदार, रंगभूषा करणारे, कपडेपट सांभाळणारे, पडदेवाले, आचारी, नटांची बायकामुलं, सगळ्यांचं जेवणखाण एका चुलीवर. एका गावी मुक्काम पडला की बिऱ्हाडासाठी वाडा घ्यायचा, थिएटरचं भाडं भरायचं, आठवड्यातून ठरावीक रात्री खेळ करायचे. खेळ नसला, नायकाचा घसा बसला किंवा पाऊस लागला तरी चूल पेटवावीच लागे. मालक स्वतःच मुख्य नट, त्यामुळे तोटा झाला की तोही त्याचाच. रत्नागिरीपुरतं बोलायचं तर तेव्हा इथे रेल्वे नव्हती, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. पडदे, पेट्या आणि माणसं आणायची तर बोटीने, नाहीतर घाट उतरून, आणि पावसाळ्यात बोटी बंद. मोठ्या मंडळीचा इथला मुक्काम म्हणजे केवढा उपद्व्याप असेल, याची यावरून कल्पना यावी.

आणि हा सगळा डोलारा एका गळ्यावर. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, मध्यरात्र उलटेपर्यंत गायचं, 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा. दीनानाथ एका रात्री एकाच गावात गाऊ शकत होते. बोलपटातलं गाणं एका रात्री दहा गावांत वाजत होतं, आणि तिकीट नाटकापेक्षा स्वस्त.

१९३२ मध्ये 'प्रभात' या चित्रपट कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. 'मानापमान'चे चालकार, गंधर्व मंडळीचे एक संस्थापक. रंगभूमीवरचे मोठे लोक कुठे चालले आहेत, हे त्या एका नावावरून कळतं. बळवंतने १९३३ मध्ये विश्राम बेडेकरांचं 'ब्रह्मकुमारी' केलं आणि मग तिने स्वतःच चित्रपटात उतरायचं ठरवलं. सांगलीत बळवंत पिक्चर्स उभी राहिली. १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' आला, दिग्दर्शन चिंतामणराव आणि बेडेकरांचं. चित्रपट चालला नाही. मागे राहिलं ते कर्ज, आणि पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं पांगली.

चित्रपटात उतरण्याच्या त्या निर्णयाला मूर्खपणा म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. सांगली हे मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचं गाव, तिथेच १८४३ मध्ये त्यांचं 'सीतास्वयंवर' झालं. जवळच्या कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या प्रभातचा डंका वाजत होता. गायक, नट, लेखक, नाव आणि प्रेक्षक हे सगळं हाताशी असताना पडद्यावर जाणं हाच त्या काळी शहाण्या माणसाचा हिशेब होता. गफलत झाली ती वेगळी असावी. नाटक एका गावात पडलं तर पुढच्या गावात दुसरं नाटक लावून भरपाई करता येते. चित्रपटात सगळं भांडवल एका खेळावर आधीच लागलेलं असतं, आणि तो पडला की हाती दुसरा खेळ नसतो. नाटकवाल्यांना बेभरवशाच्या धंद्याची सवय होती, पण हा बेभरवसा वेगळ्या जातीचा होता. बालगंधर्वांचंही थोडं असंच झालं. कर्जात बुडालेल्या गंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ रंगवला, पण पडद्यावर ते रमले नाहीत.

बळवंतच्या या फुटीत आणि १९१३, १९१८ च्या फुटींत एक मोठा फरक आहे. तेव्हा बाहेर पडलेल्यांनी नवी मंडळी काढली होती. आता कुणी काढली नाही, काढणं परवडण्यासारखंच राहिलं नव्हतं. दीनानाथांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. सांगली सुटली, कुटुंब पुण्याला आलं, आणि २४ एप्रिल १९४२ ला ते गेले. वय ४१. थोरली लता साडेबारा वर्षांची, तिच्यामागे मीना, आशा, उषा, हृदयनाथ. चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी आधार दिला आणि लताला चित्रपटात काम मिळालं. ज्या धंद्याने बापाची मंडळी मोडली, त्याच धंद्यात मुलीने घर सावरलं. चटका लावून जाणारं आहे हे.

भागीदारांपैकी कृष्णराव कोल्हापुऱ्यांची नात पुढे चित्रपटात नावारूपाला आली, पद्मिनी कोल्हापुरे. चिंतामणराव रंगभूमीवर टिकले. 'बहुरूपी' या त्यांच्या आत्मचरित्राला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मंडळी आतून कशी चालत असे, मालक आणि नट यांच्यात काय घडे, हे जाणून घ्यायचं असेल तर ते पुस्तक मिळवून वाचाच. मराठीत या विषयावर त्याच्या तोडीचं लेखन फार थोडं आहे.

दीनानाथांची गायकी मात्र मंडळीबरोबर मोडली नाही. गायक वसंतराव देशपांड्यांनी ती उचलली, आपल्या बुद्धीने फुलवली, आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं तेव्हा त्यांच्या खाँसाहेबांत जुन्या श्रोत्यांना दीनानाथ ऐकू आले. आपल्याकडे रत्नागिरीत सावरकर नाट्यगृहात राज्य स्पर्धेतली संगीत नाटकं होतात, आणि 'खल्वायन'सारखी इथली संस्था ती निष्ठेने करते. दीनानाथांच्या ढंगाचं पद तिथे तयारीने घेणारा तरुण गायक दिसला की मला मनापासून आनंद होतो, कारण ते गाणं घ्यायला तयारीबरोबर छातीही लागते.

आता क्रॅनबेरीजने उभा केलेला एक प्रश्न. गळा गेल्यावर त्या तिघांनी बँड बंद केला. बळवंतमध्ये गळा होता, तरी मंडळी बंद पडली. मग मुख्य गायक अकाली जाऊनही एखादी मंडळी चालू राहिली, असं कधी झालं का? झालं. ४ ऑक्टोबर १९२१ ला ललितकलादर्श या मंडळीचे मुख्य गायक नट केशवराव भोसले गेले. त्याआधी तीनच महिने, ८ जुलैला, त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' गाजवलं होतं. त्यांची ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी हाती घेतली, मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' १९२२ मध्ये उभं केलं आणि मंडळीला नवं वळण दिलं. हे त्यांना कसं जमलं, ते पुढच्या आठवड्यात.