मुंबई इलाख्यातली चार विमानं

१९३३ साली जुन्नर-आंबेगावचा शेतकरी आणि कराचीचा हमाल एकाच इलाख्याचे रहिवासी होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडायचा. तो वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ला. तोवर शिवनेरीच्या पायथ्याच्या मामलेदाराचा आणि कराचीच्या कलेक्टरचा गव्हर्नर एकच. आपल्या हवाई दलाचा पाळणा हलला तो कराचीजवळच्या ड्रिघ रोडला. आज ते ठिकाण परदेशात आहे. कारभाराच्या हिशेबाने तेव्हा ते आपल्याच घरात होतं, हे माझ्या तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

हवाई दल कागदावर जन्मलं ८ ऑक्टोबर १९३२ला. क्रॅनवेलच्या ब्रिटिश हवाई महाविद्यालयात शिकलेले पाच वैमानिक मिळाले: सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, ऐझाद अवान, अमरजित सिंग. सहावे टंडन. त्यांची उंची कमी पडली म्हणून ते भांडारखात्यात गेले. १ एप्रिल १९३३ला ड्रिघ रोडला पहिली तुकडी उभी राहिली: सहा अधिकारी, १९ ‘हवाई सिपाही’ आणि चार विमानं. हे सगळं हवाई दल नारायणगाव स्टँडवरच्या एका एस.टी.त बसवलं असतं, तरी बरीच बाकं रिकामी राहिली असती.

आता ती विमानं जवळून बघा. नाव वेस्टलँड वापिती. वापिती म्हणजे उत्तर अमेरिकेतलं एक मोठं हरीण. दोन मजली पंख, धातूच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, पुढे नऊ सिलिंडरचं जुपिटर इंजिन. डोक्यावर छप्पर नाही. पुढे वैमानिक, मागे लुइस मशीनगन धरून बसलेला तोफची. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या गोदामांत जुन्या डीएच-नाइन-ए विमानांच्या सुट्या भागांचा ढीग पडून होता, तो खपावा अशा बेताने हे विमान आखलेलं. वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. जुन्नर ते कराची सरळ रेषेत साधारण साडेनऊशे किलोमीटर भरतं, पण मध्ये कुठे तरी उतरून पेट्रोल भरल्याशिवाय वापितीला ते झेपलं नसतं. आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती ही की, माळरानात आणि वाळवंटात फिरणाऱ्या असल्या विमानांना चक्क जादा चाक टांगलेलं असे. विमानाला स्टेपनी!

या चार किडमिड्या विमानांच्या शेजारी कराचीत एक अजस्र रिकामी शेड उभी होती. सुमारे अडीचशे मीटर लांब. ती बांधली होती ‘आर-१०१’ या महाकाय हवाई जहाजासाठी. ते इंग्लंडहून हिंदुस्थानला यायला निघालं आणि ५ ऑक्टोबर १९३०ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळालं. ४८ माणसं गेली. साम्राज्याचा डौल मिरवणारं जहाज आलंच नाही. त्याच्या शेडच्या आसपास घिरट्या घालू लागले ते देशी वैमानिक, आणि टपाल घेऊन जाणारे जे.आर.डी. टाटा. हवाई दलाचा कायदा लागू झाल्यावर बरोबर आठवड्याने, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे.आर.डी. कराचीहून छोटंसं पस मॉथ घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. देशाची हवाई वाहतूक आणि हवाई दल, दोन्हींची सुरुवात एका गावात, एका हंगामात.

चारच विमानं का, याचं उत्तर सोपं आहे. ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानचं हवाई दल मनापासून नकोच होतं. १९२०च्या दशकात स्कीन समितीने हिंदी तरुणांना क्रॅनवेलची वाट मोकळी करा असं सुचवलं, आणि मग कुठे हे सगळं घडलं. दिलं तेही सैन्याच्या दिमतीचं काम: टेहळणी करा, निरोप पोचवा, गरज पडली तर बॉम्ब टाका. निरोप उचलायची रीत तर सर्कशीत शोभावी अशी. दोन काठ्यांच्या मधल्या दोरीला थैली बांधायची. विमानाने जमिनीलगत येऊन खालच्या आकड्याने ती दोरी ओढून न्यायची.

१९३७ साली ही तुकडी वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानातल्या मीरानशाहला गेली. समोर ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या इपीच्या फकिराचे पठाण. परक्या सत्तेशी झगडणाऱ्या डोंगरातल्या माणसांवर परक्याच सत्तेच्या हुकमाने उडायचं, हे त्या तरुणांना कसं पचलं असेल? टोळीवाल्यांच्या हाती लागलंच तर दाखवायला त्या सरहद्दीवरचे वैमानिक खिशात एक चिठ्ठी बाळगत. या माणसाला धडधाकट परत आणून द्या, इनाम मिळेल, अशा मजकुराची.

अपघातांनीही वाटा घेतला. अमरजित सिंग आणि भूपेंद्र सिंग तर सुरुवातीच्या काळातच गेले. सप्टेंबर १९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा या दलात १६ अधिकारी आणि ६६२ माणसं होती, आणि स्क्वॉड्रन एकच. त्याच वर्षी अखेरीस जेमतेम ३७ लाख वस्तीचा फिनलंड रशियाशी भिडला, तो शंभरावर लढाऊ विमानं घेऊन. हिंदुस्थानची लोकसंख्या १९३१च्या शिरगणतीत ३५ कोटींवर होती. आपला देश लहान नव्हता. त्याचं हवाई दल लहान ठेवलं गेलं होतं.

तरी त्या मूठभरांतून काय काय निघालं! पहिल्या तुकडीचे ब्रिटिश प्रमुख सेसिल बाउचर पुढे इंग्लंडच्या आकाशयुद्धात हॉर्नचर्च तळ सांभाळत होते. हवाई सिपाही म्हणून भरती झालेले हरजिंदर सिंग एअर व्हाइस मार्शल झाले आणि कानपूरला अॅव्हरो विमानं घडवू लागले. अवान १९४७मध्ये पाकिस्तानात गेले. सुब्रतो मुखर्जी १ एप्रिल १९५४ला हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. शाळाशाळांतली फुटबॉलवेडी पोरं ज्या सुब्रतो कपासाठी धावतात, तो त्यांच्याच नावाचा. त्यांच्या पत्नी शारदा माहेरच्या पंडित, मराठी घरातल्या. १९६०मध्ये टोकियोत सुब्रतो अचानक गेले, आणि दोनच वर्षांनी रत्नागिरीच्या मतदारांनी शारदाबाईंना लोकसभेत पाठवलं, १९६७मध्ये पुन्हा.