उन्हाळ्यात इंजिन का दमते?



मार्च संपत आला की गट ऑफिसमध्ये दोन तक्रारी ठरलेल्या. एक विहिरीवाल्यांची : "साहेब, इंजिन पाणी ओढत नाही, डिझेल मात्र पिऊन टाकतंय." दुसरी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची : "दोन ट्रॉल्या घेऊन चढ निघत नाही, नुसता काळा धूर." दोघांचाही संशय मिस्त्रीवर, नाही तर डिझेलातल्या भेसळीवर. कधी कधी तो खराही ठरतो. पण पुष्कळदा चोर तिसराच असतो, आणि तो म्हणजे तापलेली हवा.

आम्ही शेतकी पदविकावाले, इंजिनाची विद्या आमची नव्हे. पण दरवर्षी तीच तक्रार ऐकून कारखान्याच्या इंजिनिअरिंग खात्यातल्या मंडळींपाशी बसलो आणि समजून घेतले. ते आपल्यापुढे ठेवतो.

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. एक किलो डिझेल पुरते जळायला कमीत कमी साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला सुमारे बारा किलो. हवेलाही वजन असते हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण ती कोणी काट्यावर घातलेली नसते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवा १ किलो २२५ ग्रॅम भरते. तीच ४५ अंशाला १ किलो ११० ग्रॅम. हवा तापली की फुगते, विरळ होते. इंजिनाचा सिलिंडर मात्र तेवढाच. प्रत्येक दमाला तो तेवढेच माप भरून घेतो, पण मापातला माल नऊ टक्क्यांनी हलका! शिवाय आपला मुलूख समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार फूट वर, तिथे हवा आधीच थोडी पातळ.

हवा कमी पडली तरी पंप डिझेल सोडतच राहतो. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. पैसा आपला, धूर गावाचा. नव्या ट्रॅक्टरांपैकी काहींना टर्बो असतो, तो हवा दाबून आत भरतो, म्हणून त्यांना ही झळ कमी लागते. साध्या इंजिनाला ती सोय नाही. पाटीवर लिहिलेले हॉर्सपॉवर २५-२७ अंशांच्या हवेत मोजलेले असते, वैशाखातल्या दुपारी नव्हे.

त्यात उन्हाळा दुहेरी मार देतो. पाणी खोल गेलेले, म्हणून इंजिनाला काम जास्त, आणि नेमकी तेव्हाच ताकद कमी.

आमच्या एका गटात एका सभासदाचे इंजिनघर पाहिले. वर पत्रा, चोरीच्या भीतीने खिडकी विटांनी बुजवलेली, सायलेन्सरचे तोंड आतच. दोन मिनिटे उभे राहवेना. "आपल्याला राहवत नाही, मग इंजिनाने कसं राहायचं?" आम्ही विचारले. ते हसले, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी समोरासमोरच्या भिंतींत जाळ्या बसवल्या, धुराचा पाइप बाहेर काढला, पत्र्यावर पाचट पसरले. धूर कमी झाला असे सांगायला मुद्दाम गट ऑफिसात आले. डिझेल किती वाचले ते त्यांनी मोजले नाही, आम्हीही नाही. पाचटावर ठिणगी पडू नये म्हणून पाइपाचे तोंड लांब ठेवायला मात्र सांगून आलो.

विजेच्या मोटारीलाही हे लागू आहे. नेहमीची मोटार ४० अंशांपर्यंतची हवा धरून बनवलेली असते. पत्र्याच्या पेटीत, व्होल्टेज पडलेले, अशा स्थितीत ती दुपारभर चालवली तर वाइंडिंग जळणारच.

ट्रॅक्टरवाल्यांना एवढेच सांगणे : रेडिएटरच्या जाळीत उसाचा भुसा आणि धूळ बसते, ती रोज झाडा. एअर फिल्टर पाहा. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतू नका, हेड तडकते. चढाची खेप पहाटे काढता आली तर उत्तम. थंडीत इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते हे खरे, पण एकदा धरले की तेच इंजिन तोच चढ वरच्या गिअरमध्ये काढते.

आता आपल्या कारखान्याकडे. वार्षिक सभेत एका सभासदांनी विचारले होते की जानेवारीपेक्षा एप्रिलमध्ये वीज कमी का विकली जाते? उसाची आवक हे एक कारण. दुसरे पुन्हा हवामानच. सहवीज प्रकल्पात टर्बाइन फिरवून झालेली काही वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याने परत पाणी केली जाते. ती जितकी गार होईल तितका तिथला दाब उतरतो आणि टर्बाइनला जोर मिळतो. वाफ ४० अंशाला पाणी झाली तर दाब हवेच्या दाबाच्या चौदाव्या हिश्शाएवढा. ५० अंशाला झाली तर आठव्या हिश्शाएवढा. म्हणजे बगॅस तेवढाच जाळून वीज कमी.

साखरेच्या पॅनचेही तसेच. पॅनमधला रस व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला उकळतो. इंजेक्शनचे पाणी कोमट झाले की व्हॅक्यूम पडतो, पॅन रेंगाळतो, आणि मग गाळप आवरते घ्यावे लागते. गव्हाणीपाशी ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा काट्यावरच्या कारकुनाला बोल लावण्याआधी हेही ध्यानात घ्यावे.

यात एक गंमत आहे. हे पाणी मडक्यातल्या पाण्यासारखे, थोडे उडून बाकीचे गार होते. म्हणून एप्रिलच्या कोरड्या उन्हात मडके बरे काम करते, पण वळवाने हवा दमट झाली की ऊन कमी असूनही पाणी गार होत नाही. सन २०२१-२२ चा हंगाम मराठवाड्यात जूनपर्यंत लांबला होता. तसा हंगाम यंत्रांनाही जड जातो, उभ्या उसाला तर जातोच.

शेवटी एक गोष्ट, जी खरे तर आधी लिहायला हवी होती. पाणी वीस-बावीस फुटांपलीकडे गेले की काठावरचा पंप ते ओढू शकत नाही. मग काही जण इंजिनच विहिरीत, खडकाच्या टप्प्यावर उतरवतात. तिथे इंजिन स्वतःचाच तापलेला धूर पुन्हा ओढते आणि अधिकच दमते. पण प्रश्न इंजिनाचा नाही. तो धूर विहिरीत साचतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन बंद पडले म्हणून पाहायला उतरलेला माणूस तिथेच बसतो, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊ त्याच्या शेजारी. कंदील जळतो म्हणजे हवा चांगली, ही वडीलधाऱ्यांची परीक्षा या वायूला चालत नाही, त्यात कंदील जळतच राहतो. अशा विहिरीत कोणी पडलेला दिसला तर दोर बांधल्याशिवाय आणि बाहेरची हवा आत सोडल्याशिवाय कोणीही उतरू नये, सख्खा असला तरी.

इंजिन काठावर ठेवा, त्याला जनरेटर जोडा आणि पाण्यात सबमर्सिबल सोडा. खर्च आहे, मान्य. चार शेजाऱ्यांनी मिळून जनरेटर घेतला तर पाळीने वापरता येतो. ज्यांचे इंजिन आज विहिरीत आहे त्यांनी गट ऑफिसला निरोप द्यावा. वर काढायला माणसे आणि साखळी घेऊन आम्ही येतो.