दुरुस्तीचं टेबल – ९ : पॅक मेला, मशीन जिवंत

गेल्या आठवड्यात आपण वायरच्या ड्रिलचे कार्बन बदलले. बाजूची दोन टोपणं काढली, झिजलेले कार्बन बाहेर, नवे आत, काम झालं. ते कार्बन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतात. आज बॅटरीवरचं ड्रिल घेऊ. हे उघडायला सोपं असतं आणि दोषही लवकर सापडतो. घोडं पेंड खातं ते पार्टपाशी.

दहातले बरेचसे पेशंट बॅटरीचे असतात. चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो, ड्रिल हूं की चूं करत नाही. पॅकचे स्टार स्क्रू काढले की आत बहुधा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेल दिसतात. १८६५० हे नाव त्यावरूनच. एका सेलचे ३.६ व्होल्ट, असे पाच एकापुढे एक जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ वर जातो, म्हणजे पॅक २१ वर. एका खोक्यावर १८ आणि दुसऱ्यावर २१ छापलं म्हणून दुसरं मशीन दमदार ठरत नाही. आत पाचाचीच ओळ असते. ॲम्पिअर-तास जास्त असतील तर अशा दोन ओळी, म्हणजे दहा सेल. ऑनलाइन दिसणारं ‘८८ व्हीएफ’ हे तर निव्वळ मॉडेलचं नाव. खरोखर ८८ व्होल्ट हवे असतील तर निदान एकवीस सेल एकामागे एक लागतील, आणि तेवढे त्या डबीत मावतच नाहीत.

मल्टिमीटर लावा आणि एकेक सेल मोजा. हमखास दिसणारं चित्र असं: चार सेल ३.८ च्या आसपास, पाचवा १.१. मशीन बंद पडलं ते या एकामुळे. त्याला बाहेरून करंट देऊन ‘उठवायचा’ मोह होतो आणि त्याचे व्हिडिओही ढिगाने आहेत. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेल्या लिथियम सेलमध्ये आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. सुताराच्या पिशवीत, फॉर्मायकाच्या तुकड्यांशेजारी असा सेल असणं परवडणारं नाही. एकच नवा सेल घालूनही भागत नाही. जुन्या चारांशी त्याची कुवत जुळत नाही आणि थोड्याच दिवसांत पॅक पुन्हा लंगडतो. बदलायचे तर सगळे, एकाच बनावटीचे.

आणि इथून शोध सुरू होतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानदार १८६५० सेलचं खोकं पुढे ठेवतो. पण ड्रिलला चालतो तो सेल वेगळा. लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला सेल दोन-तीन ॲम्पिअरच्या कामाचा असतो, तर सागाच्या चौकटीत भोक पाडताना ड्रिल पंधरा-वीस ॲम्पिअर सहज ओढतं. सॅमसंगचा २५ आर हा अशा कामाचा सेल: २५०० मिलिॲम्पिअर-तास आणि सलग २० ॲम्पिअर. ज्यावर ९९०० छापलंय तो हातात घेऊन परत ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास असते. वजनावरूनही कळतं. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, नकली बरेचदा त्याहून पुष्कळ हलका. जोडणी निकेलच्या पट्टीने, स्पॉट वेल्डिंग करून. सेलवर सोल्डरिंगची बंदूक टेकवणाऱ्या कारागिराकडे पॅक देऊ नका, त्या उष्णतेने नवा सेलही बिघडतो.

एवढं करूनही काही पॅक चालू होत नाहीत, कारण आतला बोर्ड. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये हा बोर्ड बिघाडाची नोंद ठेवतो आणि ठरावीक वेळा चार्जिंग फसलं की स्वतःला कायमचं कुलूप लावतो. सेल नवे, व्होल्ट चोख, तरी चार्जर ओळख दाखवत नाही. सुरक्षिततेचं कारण मला मान्य आहे. पण किल्ली कुणालाच द्यायची नाही, हे मान्य नाही.

आता मशीनकडे. स्विच जरा दाबला की ड्रिल थेट फुल स्पीडने पळत असेल, तर वेग सांभाळणारा मॉस्फेट शॉर्ट झालाय. तो सुटा काही रुपयांत मिळतो, पण स्विचच्या पोटात बंद असतो, म्हणून अख्खा स्विच घ्यावा लागतो. साध्या मोटारचे कार्बनही डब्यात बंद, त्यांना टोपण नसतं; कार्बन संपले की मोटारच बदला. ती घेताना टोकावरच्या पिनियनचे दात मोजा. मोटार दिसायला तंतोतंत तशीच, पण जुन्याला चौदा दात आणि नव्याला बारा असले तर गिअरमध्ये बसणार नाही. आणि चक काढताना जबडे पूर्ण उघडून आतला स्क्रू आधी काढा. त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावून त्याचं डोकं खाणारे पुष्कळ.

ब्रशलेस मशीनमध्ये कार्बनच नाहीत, त्यामुळे झीज कमी. पण मोटार चालवणारा बोर्ड राळेत बुडवलेला असतो आणि पुष्कळदा स्विचसकट एकच संच म्हणून येतो. एक तार तुटली तरी संच बदला, आणि संचाची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवं मशीन घ्यायला जातं. दुरुस्ती हरते ती या टप्प्यावर. कारागिराला काम येत असतं, फक्त हवा तेवढाच तुकडा कुणी विकत नाही.

पॅकची मापं कंपनीगणिक वेगळी. ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली निकेल-कॅडमियमवर चालणारं ड्रिल आणलं, त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी एकाचा पॅक दुसऱ्याला बसत नाही. जर्मनीच्या मेटाबोने २०१८ मध्ये इतर उत्पादकांना बरोबर घेऊन सामायिक पॅकची आघाडी केली, हे त्यातल्या त्यात बरं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता-बदलता आल्या पाहिजेत, आणि मॉडेल बाजारात येणं थांबल्यावरही किमान पाच वर्षं त्या सुट्या मिळाल्या पाहिजेत. आपल्याकडे केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. सुताराच्या नि वायरमनच्या हत्यारांना स्वतंत्र रकाना नाही. ज्याची रोजची मजुरी मशीनवर अवलंबून आहे, त्याला तो आधी मिळायला हवा होता.

तोवर करायचं एवढंच. मशीनवरच्या पट्टीचा आजच फोटो काढून ठेवा. मॉडेलचा पूर्ण नंबर पुसला गेला की नागदेवी स्ट्रीटवरचा जाणकार दुकानदारही हात वर करतो. नवं घेताना स्विच, चक आणि पॅक यांचे सुटे भाव विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या कंपनीचं बघा. आणि जुनं मशीन कुणी पॅकशिवाय फुकट देत असेल, तर हात पुढे करण्याआधी तो पॅक आज मिळतो का, हे पाहून घ्या.

पुढच्या आठवड्यात चार्जर.