परदेशी निघताना बॅगही काट्यावर घाला

उसाच्या पैशावर पोरांना परदेशी शिकायला धाडणारी घरे आता आपल्याही भागात आहेत. फीची, तिकिटाची जुळवाजुळव महिनोन्‌महिने चालते. बॅगेचा हिशेब मात्र आदल्या रात्री सुरू होतो. म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो.

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूर किंवा शेगाव गाठून मुंबईची गाडी धरायची. रेल्वेत स्लीपरला ४० किलो सामान मोफत. विमानात बहुधा २३ किलोची एक बॅग, कुठे दोन. आकडा तिकिटावर असतो, तो आधी वाचा. एकच बॅग ३२ किलोंवर गेली तर जादा पैसे देऊनही सहसा घेत नाहीत, कारण ती माणसालाच उचलावी लागते.

तेव्हा उसाच्या गाडीसारखी बॅगही घरीच काट्यावर घाला आणि दोन किलो मोकळे ठेवा. विमानतळावर रांगेत बॅग उघडून आईने बांधून दिलेले डबे बाजूला काढणे फार जिवावर येते. लोणचे, तूप मोठ्या बॅगेत घट्ट बांधा. पॉवर बँक आणि कागदपत्रे हातातच.

माती लागलेले बूट, बियाणे नेऊ नका. ऑस्ट्रेलियात खाण्याचा जिन्नस न सांगता नेला तर दंड होतो. आणि परतताना उसाची एक कांडीसुद्धा खिशात आणू नका. २००३ च्या आदेशाप्रमाणे बेण्याला परवाना लागतो. चोरून आणलेल्या कांडीसोबत रोग आला, तर तो एकट्याच्या वावरात थांबत नाही.